विस्कटलेल्या वेळापत्रकाचा इतिहास

विमान कंपनीचं कामकाज सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, की विक्रेते येऊन एक छान दिवस दाखवतात. पडद्यावर विमानांच्या आडव्या पट्ट्या एकाखाली एक लागलेल्या असतात, प्रत्येक उड्डाणाला वैमानिक आणि केबिन क्रू जोडलेला असतो, कुणाचीही ड्यूटी मर्यादेपलीकडे गेलेली नसते, इंधनाचा हिशेब बसलेला असतो आणि वर्षाकाठी किती पैसे वाचतील याचा आकडाही तयार असतो. यातलं काही खोटं नसतं. पण या धंद्याचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास वाचला, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. आखणी कमी दर्जाची होती म्हणून विमान कंपन्या क्वचितच अडचणीत आल्या. आखलेलं मोडलं आणि ते वेळेत पुन्हा जुळवता आलं नाही, म्हणून त्या तोंडघशी पडल्या. तरीही खरेदीच्या वेळी मोल केलं जातं ते आखणीचं. हा क्रम उलटा व्हायला हवा. विस्कटलेला दिवस सावरण्याची ताकद आधी तपासावी आणि आखणीतली बचत नंतर मोजावी, असं मला या इतिहासाच्या आधारानं मांडायचं आहे.

सुरुवात आपल्याच किनाऱ्यावरून करता येते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ विमानातून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. आठवड्यातून एक फेरी, ताफ्यात दोन छोटी विमानं, आणि कराचीला इम्पीरियल एअरवेजच्या लंडनहून येणाऱ्या टपालाशी जोड. वाटेत मार्गदर्शन करणारा रेडिओ नव्हता. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रालगतची सपाट जमीन, जी पावसाळ्यात चिखलाखाली जाई. त्यावर काढलेला तोडगा साधा होता: पावसाळ्याचे महिने सगळा तळ पुण्याला येरवड्याला हलवायचा. पहिल्या वर्षात या सेवेनं सुमारे १,६०,००० मैल उड्डाण केलं, १५५ प्रवासी आणि दहा टनांच्या आसपास टपाल वाहिलं, आणि नफाही कमावला. या यशात वैमानिकांचं कौशल्य होतंच, पण मला त्या पुण्याच्या तळाचं महत्त्व अधिक वाटतं. पाऊस येणार आणि जुहू बंद पडणार, हे गृहीत धरूनच वेळापत्रक बांधलेलं होतं. शिवाय ज्यांनी ते आखलं, तीच दोन-चार माणसं ते बिघडल्यावर दुरुस्तही करत होती. कोणतं विमान कुठे आहे, कुणाला ताप आला आहे, पेट्रोलचे डबे अहमदाबादला पोहोचले का, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. आखणारा आणि सावरणारा वेगळे झाले, तेव्हाच या धंद्याला तिसऱ्या माणसाची, नंतर फळ्याची आणि शेवटी संगणकाची गरज पडली.

ही फारकत अमेरिकेत आधी झाली आणि तिची किंमतही तिथेच आधी मोजली गेली. ६ मे १९३५ च्या पहाटे टीडब्ल्यूए कंपनीचं एक डीसी-२ विमान मिसुरी राज्यात कोसळलं. मृतांत न्यू मेक्सिकोचे सिनेटर ब्रॉन्सन कटिंग होते, त्यामुळे चौकशी थेट सिनेटच्या समितीपर्यंत गेली. विमान लॉस एंजेलिसहून पूर्वेकडे निघालं होतं. रात्रीच्या फ्रिक्वेन्सीवर त्याच्या रेडिओवरून संदेश जात नव्हते, कॅन्सस सिटीवर ढग खाली उतरले होते आणि टाकीतलं इंधन कमी होत चाललं होतं. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी सांभाळता आली असती. तिन्ही एकदम आल्यावर हे उड्डाण थांबवायचं की दुसरीकडे वळवायचं, हे ठामपणे आणि वेळेत ठरवणारं जमिनीवर कुणी नव्हतं. पुढे १९३८ चा नागरी विमानवाहतूक कायदा आला आणि त्यानंतर परवानाधारक डिस्पॅचर हे पद अमेरिकी विमानसेवांमध्ये रुजलं. उड्डाणाची जबाबदारी कप्तान आणि डिस्पॅचर या दोघांची संयुक्त ठरली. दोघांपैकी एकानं नाही म्हटलं तर विमान निघत नाही. डिस्पॅचरचं काम कागद तयार करून संपत नाही, विमान उतरेपर्यंत त्याला त्यावर नजर ठेवावी लागते. म्हणजे ठरवलेलं वाटेत बदलणार, हे कायद्यानंच मान्य केलं होतं.

त्या काळचं हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. मार्गाचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यासाठी हवामान खात्याकडून आलेला त्या उंचीवरचा वारा मांडायचा, त्यावरून जमिनीवरचा वेग काढायचा, वेगावरून मिनिटं आणि मिनिटांवरून जळणारं इंधन. त्यात पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन मिळवायचं, वर घिरट्या घालत थांबण्यासाठीचं राखीव मिळवायचं, मग एवढ्या वजनात किती प्रवासी आणि किती माल बसतो ते पाहायचं. वारा बदलल्याची तार आली, की पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या भिंतीवर मोठा फळा असे: प्रत्येक विमानाची एक ओळ, डावीकडून उजवीकडे तास, आणि त्यावर उड्डाणांच्या पट्ट्या. एखादी पट्टी उजवीकडे सरकवली की तिच्यामागची सगळी रांग सरकवावी लागे, आणि ती सरकवणाऱ्या माणसाला परिणाम डोळ्यांसमोर दिसत. ही पद्धत संथ होती, चुकांना जागा देणारी होती, शे-दोनशे विमानांसाठी ती चालणं शक्यच नव्हतं. तिच्याकडे परत जा असं कुणी म्हणणार नाही. पण तिच्यात आखणी आणि दुरुस्ती एकाच भिंतीवर, एकाच नजरेखाली होत असे. पुढच्या तीस वर्षांत हे दोन धागे वेगळे झाले.

संगणक विमानसेवेत शिरला तो तिकिटाच्या खिडकीतून. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांची सेबर ही आरक्षण-प्रणाली १९६० च्या दशकात उभी राहिली, तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या खासगी संगणक-यंत्रणांमध्ये तिची गणना होई. त्याच सुमारास, १९६१ मध्ये, विमान कंपन्यांमधल्या गणितज्ञांनी अ‍ॅगिफोर्स ही संघटना स्थापन केली. त्यांच्यापुढचं सर्वांत मोहक कोडं होतं क्रूच्या साखळ्यांचं. मुंबईचा वैमानिक सकाळी दिल्लीला जातो, तिथून कोलकात्याला, तिथे मुक्काम करतो आणि दुसऱ्या दिवशी चेन्नईमार्गे मुंबईला परततो. घरापासून घरापर्यंतच्या अशा साखळीला पेअरिंग म्हणतात. काही शे उड्डाणांतून नियमात बसणाऱ्या अशा साखळ्या कोट्यवधी निघतात, आणि त्यातून प्रत्येक उड्डाण एकदाच येईल असा सर्वांत स्वस्त संच निवडायचा असतो. या विषयावर इतकं काम झालं, की १९६९ मध्येच त्याचा सविस्तर आढावा घेणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. १९९१ पर्यंत अमेरिकन एअरलाइन्सचे तज्ज्ञ या पद्धतीमुळे वर्षाला दोन कोटी डॉलरहून अधिक बचत झाल्याचं लिहीत होते. याउलट, वेळापत्रक बिघडल्यावर विमानं नव्यानं कशी लावावीत, या प्रश्नाला गणिताच्या चौकटीत हात घालणाऱ्या अगदी सुरुवातीच्या निबंधांपैकी एक निघाला १९८४ मध्ये. तो बेलग्रेडचे दुशान तेओदोरोविच आणि त्यांचे सहकारी गुबेरिनिच यांचा. म्हणजे आखणीच्या संशोधनाचा आढावा घेण्याइतका साठा जमून पंधरा वर्षं झाली, तेव्हा कुठे दुरुस्तीच्या संशोधनाचा पाया पडत होता. यात कुणाचा आळस नव्हता. आखणीतली बचत दरवर्षी ताळेबंदात दिसते आणि संचालकांना दाखवता येते. न झालेल्या गोंधळातून वाचलेला पैसा कोणत्याच रकान्यात येत नाही. शिवाय १९७८ मध्ये अमेरिकेनं विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवलं आणि स्पर्धेनं प्रत्येक मिनिटाला किंमत आली. आपल्याकडे ती वेळ १९९४ नंतर आली. स्पर्धेच्या दबावाखाली वेळापत्रकं घट्ट होत गेली आणि ती घट्ट करणारी साधनं उत्तम होत गेली. ती सैल पडल्यावर सावरणारी साधनं मागे राहिली.

या असमतोलाचा नमुना म्हणून कॉमएअरची हकिगत प्रत्येक निवड समितीनं वाचावी अशी आहे. कॉमएअर ही सिनसिनाटीची प्रादेशिक कंपनी, डेल्टाच्या मालकीची. २००४ च्या नाताळाच्या तोंडावर ओहायो खोऱ्यात बर्फाचं वादळ आलं, उड्डाणं रद्द होऊ लागली आणि क्रूच्या वेळापत्रकात बदलांमागून बदल नोंदले जाऊ लागले. कंपनीचं क्रू सॉफ्टवेअर १९८० च्या दशकातलं होतं. महिनाभरात किती बदल झाले हे मोजण्यासाठी त्यात सोळा बिटांचा एक खण होता, आणि अशा खणात मावणारा सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. एरवीच्या महिन्यात तो कधीच भरला नसता. त्या डिसेंबरमध्ये वादळाच्या बदलांनी तो भरला आणि २४ तारखेच्या रात्री यंत्रणा बंद पडली. कोणता वैमानिक कुठे आहे आणि तो कायद्यानं आणखी किती तास उडू शकतो, हे सांगणारं दुसरं काही कंपनीकडे नव्हतं. २५ डिसेंबरची सगळीच्या सगळी, सुमारे १,१०० उड्डाणं रद्द झाली. महिन्याभरात कंपनीच्या अध्यक्षांनी पद सोडलं. हे सॉफ्टवेअर जुनं झालं आहे, हे काही कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. ते बदलण्याची चर्चा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चालू होती. मग २००० सालच्या तारखांचा प्रश्न आला, डेल्टानं कंपनी विकत घेतली, २००१ मध्ये वैमानिकांचा ८९ दिवसांचा संप झाला, त्यानंतर ११ सप्टेंबर आला. प्रत्येक वेळी निर्णय पुढे ढकलला गेला. अखेर नवी यंत्रणा निवडली गेली, पण ती बसायची राहिली होती.

यावर कुणी म्हणेल, की हा तर प्रोग्रामरचा खण छोटा पडल्याचा किस्सा आहे, यातून एवढा मोठा निष्कर्ष कसा काढता? पण तो खण काय मोजत होता ते पाहावं. तो उड्डाणं मोजत नव्हता, माणसं मोजत नव्हता; तो बदल मोजत होता. एका महिन्यात फार तर इतकेच बदल होतील, अशी कल्पना करून कुणीतरी ती यंत्रणा रचली आणि ती रचना मोडेपर्यंत कुणी तपासली नाही. आखणीला तिथे अमर्याद जागा होती. दुरुस्तीला तेवढी मोजून दिलेली होती.

दुसरी बाजू दाखवणारं उदाहरण त्याच काळातलं आहे, आणि ते कमी सांगितलं जातं याचं मला वाईट वाटतं. कॉन्टिनेंटल एअरलाइन्सनं टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या कॅलेब टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीबरोबर खास क्रू सावरण्यासाठीचं सॉफ्टवेअर तयार करून घेतलं. क्रूसॉल्व्हर असं त्याचं नाव. बिघाड झाला की ते तत्कालीन स्थिती घेऊन काही मिनिटांत नव्या जोडण्या मांडत असे, आणि एकच उत्तर लादण्याऐवजी समन्वयकापुढे पर्याय ठेवत असे; निवड माणूस करी. २००१ सालानं या साधनाची कसून परीक्षा घेतली. जूनमध्ये वादळी पावसानं ह्यूस्टनला पूर आला, जिथे कंपनीचं मुख्य केंद्र होतं. सप्टेंबरमध्ये अमेरिकेचं सगळं आकाश बंद झालं, साडेचार हजारांच्या आसपास विमानं मिळेल तिथे उतरवली गेली आणि पुढे कंपन्यांना उड्डाणांची संख्याच कापावी लागली. कॉन्टिनेंटल इतरांपेक्षा लवकर सावरली. त्या एका वर्षातल्या मोठ्या बिघाडांत या साधनामुळे सुमारे चार कोटी डॉलर वाचल्याचा कंपनीचा अंदाज होता, आणि २००२ मध्ये या कामाला ऑपरेशन्स रिसर्चमधला मानाचा फ्रांझ एडेलमन पुरस्कार मिळाला. अमेरिकन एअरलाइन्सच्या आखणीतल्या वार्षिक बचतीशेजारी हा आकडा ठेवला, की दुरुस्तीला ताळेबंदात रकाना नसतो ही सबब उरत नाही. मोजायचं ठरवलं तर तोही मोजता येतो.

इतकं सिद्ध झाल्यावर वीस वर्षांनी साउथवेस्टचा प्रसंग घडला, म्हणून तो अधिक अस्वस्थ करतो. डिसेंबर २०२२ मधल्या हिमवादळाचा फटका सगळ्याच अमेरिकी कंपन्यांना बसला. बाकीच्या दोन-तीन दिवसांत उभ्या राहिल्या, साउथवेस्ट जवळपास दहा दिवस कोलमडत राहिली. सुमारे १६,९०० उड्डाणं रद्द झाली, वीस लाखांहून अधिक प्रवासी अडकले, आणि वर्षभरानं अमेरिकी वाहतूक खात्यानं १४ कोटी डॉलरचा दंड लावला. या कंपनीची विमानं एका केंद्रावर परत न येता गावोगाव फिरत राहतात, त्यामुळे बिघाडात माणसं आणि विमानं देशभर विखुरतात. तिचं क्रू सॉफ्टवेअर पुढच्या काही तासांतले प्रश्न सोडवण्यासाठी बनलेलं होतं. रद्द उड्डाणांचा वेग इतका होता, की उत्तर निघेपर्यंत प्रश्नच बदललेला असे आणि न सुटलेल्या जोडण्यांचा मागे ढीग साचत जाई. मग कर्मचाऱ्यांनी हातानं, फोनवर, एकेक क्रू जुळवायला घेतला. वैमानिक आपण कुठे आहोत हे सांगण्यासाठी तासन्‌तास फोन धरून बसले होते. गणित करणारं यंत्र होतं, पण क्रू नेमका कुठल्या गावात बसला आहे, ही पहिली माहितीच त्याच्याकडे उरली नव्हती. वैमानिकांची संघटना या यंत्रणेबद्दल आधीपासून बजावत होती.

भारतात हा प्रश्न २०२५ मध्ये दोनदा उघडा पडला. जूनमध्ये विमानवाहतूक नियामक डीजीसीएनं एअर इंडियाला क्रू-नियोजनाच्या जबाबदारीतून तीन अधिकाऱ्यांना दूर करायला सांगितलं. परवाना, विश्रांती आणि अलीकडच्या अनुभवाच्या अटी डावलून क्रू नेमला गेल्याच्या या त्रुटी कंपनीनं स्वतःच कळवल्या होत्या, आणि त्या सापडल्या होत्या एआरएमएस ही जुनी प्रणाली सोडून सीएईची नवी प्रणाली आणल्यानंतरच्या तपासणीत. माझ्या मते ही गोष्ट सॉफ्टवेअर बदलण्याच्या बाजूनं बोलते: जुन्या यंत्रणेत नजरेआड राहिलेलं नव्या यंत्रणेत तपासताना दिसलं. डिसेंबरमध्ये इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले होते. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोन. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. महिन्याभरानं, ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत अडीच हजारांवर उड्डाणं रद्द झाली आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकले. जानेवारी २०२६ मध्ये डीजीसीएनं चौकशीअंती २२.२० कोटी रुपयांचा दंड केला आणि कारणं नोंदवली: कामकाजाची अतोनात काटकसरी आखणी, नव्या नियमांची अपुरी तयारी, सॉफ्टवेअरच्या पाठबळातल्या उणिवा आणि व्यवस्थापनातले दोष. चारही कारणं एका वाक्यात आली, हे फार महत्त्वाचं आहे.

कारण सर्वांत भक्कम आक्षेप नेमका इथेच येतो. तो असा, की ही सगळी अपयशं माणसांची आहेत: खर्च टाळणाऱ्या संचालकांची, पुरेसे वैमानिक न नेमणाऱ्या व्यवस्थापकांची, यंत्राला कशाला बोल लावायचा? यात तथ्य आहे. राखीव वैमानिकच नसतील तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर ते पैदा करू शकत नाही. पण घट्ट वेळापत्रक हे सॉफ्टवेअरशिवाय बनतही नाही. वैमानिकाचा रिकामा दिसणारा प्रत्येक तास ते वाया गेलेला म्हणून दाखवतं, आणि व्यवस्थापक तो आकडा पाहूनच स्टँडबाय कमी करतो. त्याच पडद्यावर, ‘या रोस्टरला एका धुक्याच्या सकाळचा धक्का बसला तर किती उड्डाणं पडतील’, हा आकडाही शेजारी असला, तर तोच व्यवस्थापक निदान डोळे उघडे ठेवून निर्णय घेईल. साधन माणसाला काय दाखवतं, यावर माणसाची सवय घडते. म्हणून साधन निवडणं हा व्यवस्थापनाचाच निर्णय आहे, त्यापासून वेगळा काढता येणारा नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. राखीव माणसं आणि सैल वेळापत्रक म्हणजे महाग तिकीट, आणि गेल्या वीस वर्षांत सामान्य भारतीय माणूस विमानात बसू लागला तो घट्ट वेळापत्रकामुळेच. हे मी नाकारत नाही, आणि स्वस्त प्रवासाचं मोल कमी लेखण्याची माझी तयारी नाही. पण विस्कटलेला दिवस सावरण्याची ताकद म्हणजे केवळ रिकामी बसवलेली माणसं नव्हेत. कॉन्टिनेंटलनं बचत केली ती जास्त वैमानिक नेमून नव्हे, आहेत ते लवकर जुळवून. सावरण्याचं साधन जितकं चांगलं, तितकं वेळापत्रक घट्ट ठेवणंही कमी धोक्याचं. स्वस्त तिकिटाची काळजी असणाऱ्यानं उलट या साधनाचा आग्रह आधी धरायला हवा.

तिसरा आक्षेप लहान व्यावसायिकांचा: चार विमानांच्या चार्टर कंपनीला किंवा जुहूहून समुद्रातल्या तेलविहिरींकडे हेलिकॉप्टर पाठवणाऱ्या सेवेला हा इतिहास कशाला? त्यांचं काम एक्सेलची पत्रकं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप यांवर निभतं. मला वाटतं, त्यांना तो अधिक लागू आहे. मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर चुकलं तर डिस्पॅचर हरकत घेतो. अमेरिकेतही परवानाधारक डिस्पॅचरची सक्ती नियोजित विमानसेवांना आहे, चार्टर सेवांना तशी नाही. तिथे ग्राहक थांबलेला असतो, मालक घाईत असतो आणि कप्तान एकटा पडतो. अशा ठिकाणी ‘या वैमानिकाची ड्यूटी संपली, हे उड्डाण निघणार नाही’, असं रोखठोक सांगणारी आणि कुणी ते डावललं तर त्याचं नाव आणि वेळ नोंदवून ठेवणारी यंत्रणा हाच त्याचा आधार. दोन-चार माणसांच्या डोक्यात सगळं मावतं, हे १९३२ मध्ये चाललं. तेव्हा आठवड्याला एक फेरी होती. आणखी एक व्यवहाराची गोष्ट लहानांनी लक्षात ठेवावी. सॉफ्टवेअरचे मालक बदलत राहतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गची कार्मेन सिस्टिम्स १९९४ मध्ये निघाली, २००६ मध्ये जेपसननं घेतली, जेपसन तेव्हा बोइंगकडे होती, आणि २०२५ मध्ये बोइंगनं तीही थोमा ब्राव्हो या गुंतवणूक कंपनीला विकायचं ठरवलं. विक्रेता बदलला तरी आपल्या नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील, हे करारात लिहून घ्यावं.

राहिला आजचा आशावाद, की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नवी साधनं हे सगळं सोडवतील. गणिताचा वेग ती वाढवतील, यात मला शंका नाही. पण साउथवेस्टला वेगाआधी दुसरी गोष्ट कमी पडली होती: खरी परिस्थिती यंत्रापर्यंत पोहोचवण्याची वाट. क्रूच्या फोनवरून एका स्पर्शात ‘मी इथे आहे, अमुक वाजता मोकळा झालो’ हे कळवता येत नसेल, तर मागचं गणित कितीही हुशार असो, ते कालच्या जगावर चालेल. शिवाय त्या यंत्रानं सुचवलेलं उत्तर कोणत्या नियमांवर, कोणत्या अटी सोडून काढलं आहे, हे रात्री तीन वाजता ड्यूटीवर असलेल्या माणसाला वाचता यायला हवं. तसं नसेल तर कप्तान आणि डिस्पॅचर यांची संयुक्त जबाबदारी कागदापुरती राहते.

म्हणून निवड समितीवर बसणाऱ्यांना एक विनंती. विक्रेत्यानं आणलेला नमुना दिवस पाहू नका, आपला दिवस त्याला द्या. कंपनीच्या गेल्या काही वर्षांतला सर्वांत वाईट दिवस काढा: त्या दिवसाचं मूळ वेळापत्रक, क्रूच्या खऱ्या नोंदी, कोणतं विमान कुठे अडकलं होतं ते. मुंबईत तळ असणाऱ्यांना फार शोधावंही लागणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि विमानतळ तीस तासांहून अधिक काळ बंद राहिला. आज तसंच झालं असं समजून आपलं सध्याचं रोस्टर त्या सॉफ्टवेअरमध्ये घाला, माहिती अर्धवट द्या, मध्येच दोन विमानं नागपूरला वळवा, आणि तुमच्याच रात्रपाळीच्या माणसाला ते चालवू द्या. किती वेळात उत्तर येतं, ते नियमात बसतं का आणि त्या माणसाला ते पटतं का, हे लिहून घ्या. किमतीची बोलणी त्यानंतर सुरू करा.